नोटीस आली म्हणून मसाल्याचं नाव सोडायचं का?

पत्र असं आहे (थोडं लहान केलंय):

"मॅडम, मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते. आमचा कांदा-लसूण मसाला २०१३ पासून चालू आहे. आधी बचत गटातून करायचो, २०१७ ला गट बंद पडला तेव्हापासून मी एकटीच करते, नाव तेच. रजिस्ट्रेशन कधी केलं नाही, कोणी सांगितलंच नाही. गेल्या आठवड्यात एका मोठ्या शहरातल्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. म्हणतात हे नाव आम्ही २०२१ मध्ये रजिस्टर केलंय, २०२० पासून वापरतोय, पंधरा दिवसांत नाव बंद करा, सोबतच्या कागदावर सही करून पाठवा, इन्स्टाग्राम पेज आमच्या ताब्यात द्या, दहा लाख भरपाई द्या, नाहीतर पोलिस केस करू. ऑनलाइन साइटवरून आमचा माल पण काढून टाकलाय. त्यांच्या पाकिटावर नथ घातलेल्या बाईचं चित्र आहे ते अगदी आमच्यासारखं, आमचं चित्र भाच्याच्या मित्राने २०१८ ला काढून दिलं होतं. त्यांचं पाकीट मी दोन वर्षांपूर्वी पुण्यात एका दुकानात बघितलं होतं, तेव्हा लक्ष दिलं नाही. मिस्टर म्हणतात कशाला कोर्टकचेरी, नाव बदलून टाकू. भाचा म्हणतो रजिस्टरचं चिन्ह आपणही छापू आणि एआयने आशाताईंच्या आवाजात जाहिरात करू. मला रात्रभर झोप नाही. काय करू?"

ताई, आधी उत्तर सांगते, कारणं नंतर. नाव सोडू नका. त्या सोबतच्या कागदावर सही करू नका. पेज कोणाला देऊ नका. आणि त्या वकिलाला किंवा कंपनीला व्हॉट्सअपवर "आम्ही लहान माणसं आहोत, चुकून झालं, माफ करा" असं काहीही लिहू नका, कारण तुम्ही चांगुलपणाने लिहिलेलं ते वाक्य उद्या कोर्टात तुमचा कबुलीजबाब म्हणून दाखवलं जाईल. फोन आला तरी "लेखी उत्तर देऊ" एवढंच बोलायचं. नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, समोरच्याचं म्हणणं आहे फक्त. पण कचऱ्यात टाकायची पण नाही, मुदतीच्या आत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे.

आता मुद्दा. बहुतेकांना वाटतं की ज्याने नाव रजिस्टर केलं त्याचं नाव, विषय संपला. आपल्याकडे तसं नाहीये. ट्रेडमार्कचा, म्हणजे मालाच्या नावाचा-खुणेचा, कायदा १९९९ चा आहे, त्यातलं कलम ३४ सांगतं की एखादं नाव तुम्ही रजिस्टर करणाऱ्याच्या आधीपासून सलग वापरत असाल तर तो तुम्हाला थांबवू शकत नाही. "आधी" कशाच्या आधी, तर त्याने वापर सुरू केला ती तारीख आणि त्याच्या नोंदणीची तारीख, या दोन्हीत जी अगोदरची असेल तिच्याही आधी. त्यांचंच म्हणणं धरलं तरी त्यांच्या तारखा २०२० आणि २०२१. तुमची २०१३. आणि कलम २७ नुसार, नोंदणी नसली तरी तुमच्या नावावर दुसऱ्याने माल खपवला तर दावा करायचा तुमचा हक्क शाबूत राहतो. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये तिरुनेलवेलीच्या इरुट्टुकडै हलव्याच्या प्रकरणात हे अगदी स्वच्छ सांगितलंय, की नोंदणी हक्क निर्माण करत नाही, असलेल्या हक्काची नोंद करते, आणि आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क त्याच्यापेक्षा वरचढ. ते हलव्याचं दुकान होतं, तुमचा मसाला आहे, खाण्याच्या वस्तूचं नाव लोकांच्या तोंडी बसायला वर्षं लागतात हे दोन्हीकडे सारखंच.

तुम्ही त्यांचं पाकीट पुण्यात बघितलं म्हणून पुण्याचंच एक उदाहरण सांगते, कारण हे प्रकरण ऐकून लोक एकतर फार खूश होतात नाहीतर फार घाबरतात. कॅम्पातलं बर्गर किंग. ते इराणी कुटुंबाचं, १९९२ पासूनचं. अमेरिकन बर्गर किंगने भारतात पहिलं दुकान उघडलं २०१४ मध्ये, पण पुण्याच्या दुकानावर दावा लावला २०११ मध्येच. ऑगस्ट २०२४ ला पुण्याच्या जिल्हा कोर्टाने कंपनीचा दावा फेटाळला, भारतात हे नाव आधी पुणेकर वापरत होते म्हणून. सगळीकडे बातम्या झाल्या. मग डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या दुकानाला नाव वापरायला मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या मनाईला स्थगिती दिली, अपील ऐकायला हायकोर्टाला मोकळीक ठेवून. म्हणजे तेरा वर्षं एका कोर्टात आणि तरीही पुढे चालूच. पण एक फरक नीट बघा. त्या अमेरिकन कंपनीची भारतातली नोंदणी १९७९ ची आहे, दुकान उघडण्याच्या कितीतरी आधीची, म्हणून तिथे घोळ आहे, कारण कलम ३४ नोंदणीची तारीखही मोजतं. तुमच्या समोरच्या कंपनीकडे तसली जुनी नोंदणी नाही. त्यामुळे तुमची बाजू पुण्याच्या दुकानापेक्षा सरळ आहे. मिस्टरांना हे नक्की सांगा.

पण बाजू सरळ असणं वेगळं आणि ती सिद्ध करता येणं वेगळं, आणि इथे मला तुमची खरी काळजी वाटते. २०१३ पासून करतोय हे नुसतं बोलून चालत नाही, कागद लागतो. आज संध्याकाळीच एक फाईल करायला घ्या. स्टिकर छापून घेतलेल्या प्रेसची बिलं, नसतील तर प्रेसवाल्याकडे जा, त्याच्याकडे कार्बन कॉपी किंवा जुनी डिझाईनची फाईल असू शकते. डंकावर कुटून घेतलं त्याच्या पावत्या. बचत गटाचं रजिस्टर आणि बँकेचं पासबुक. फूड लायसन्स ज्या वर्षी काढलं ते सर्टिफिकेट, त्यावर नाव असेल तर सोनंच. भीमथडी जत्रेत किंवा महालक्ष्मी सरसला कधी स्टॉल लावला असेल तर त्याची पावती, पास, स्टॉलचा फोटो ज्यात मागे बॅनरवर नाव दिसतंय. दुकानदारांना माल दिला त्याची बिलबुकं, त्यात नुसतं "मसाला १० किलो" लिहिलं असेल तर उपयोग कमी, नाव लिहिलेलं असेल ती पानं वेगळी काढा. दर वर्षाचा एकतरी कागद मिळतोय का बघा, कारण कायद्याला सलग वापर हवा आहे. लॉकडाऊनमध्ये काही महिने बंद होतं असेल तर घाबरू नका, तेवढ्याने नाव सोडलं असं कोणी धरत नाही, पण का बंद होतं ते सांगता आलं पाहिजे.

जुना मोबाईल असेल तर तो अजिबात फॉरमॅट मारू नका, एक्सचेंजमध्ये देऊ नका. त्यातले फोटो, व्हॉट्सअपवरच्या ऑर्डरी, फेसबुकवरच्या जुन्या पोस्ट हा सगळा पुरावा आहे, फक्त नुसते स्क्रीनशॉट चालत नाहीत, सोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. पूर्वी ते कलम ६५ ब खाली असायचं, १ जुलै २०२४ पासून नवीन साक्ष कायदा आलाय त्यात कलम ६३ खाली आहे. वकिलाला आठवण करून द्या, जुन्याच फॉरमॅटवर सह्या करून घेणारे अजून भेटतात.

आता बचत गट. तुमच्या पत्रात हे एका ओळीत आहे पण समोरचा वकील हुशार असेल तर पहिलं बोट इथेच ठेवेल. २०१३ ते २०१७ नाव गटाचं होतं, तुमचं एकटीचं नव्हतं. मग गट बंद पडल्यावर ते तुमच्याकडे कसं आलं? कोणी लिहून दिलं का? बहुतेक नसणार, गावात असं कोण लिहून देतं. तर आता गटातल्या बाकीच्या बायकांना भेटा आणि स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या की २०१७ पासून हे नाव आणि त्याची बाजारातली पत तुम्ही सांभाळताय आणि आम्ही ते सगळं तुम्हाला दिलंय. जुनी तारीख टाकून कागद करायचा मोह बिलकुल नको, आजची तारीख टाका आणि काय घडलं ते खरं लिहा. कोणी नाही म्हटलं, किंवा एखादीला थोडे पैसे हवे असतील, तर ते प्रेमाने मिटवा, ज्यांनी तुमच्यासोबत बसून लसूण सोलला त्यांचा त्या नावात वाटा आहेच. आणि अगदी कोणीच सही दिली नाही तरी तुमचा स्वतःचा वापर २०१७ पासून धरता येईल, तो सुद्धा २०२० च्या आधीचाच आहे.

लेबलच्या चित्राचं प्रकरण वेगळ्या कायद्यात येतं, कॉपीराइट कायदा १९५७. चित्र काढलं की कॉपीराइट आपोआप तयार होतो, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही. पण तो कोणाचा? तुम्ही म्हणाल पैसे आम्ही दिले म्हणून आमचा. पगारी नोकराने काढलं असतं तर तुमचा झाला असता. बाहेरच्या माणसाकडून लोगो, लेबल करून घेतलं की पैसे दिले तरी हक्क सहसा काढणाऱ्याकडेच राहतो, त्याने लेखी दिलं तरच तुमच्याकडे येतो. आणि त्या लेखी कागदात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षंच धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो. म्हणून भाच्याच्या मित्राकडून नीट करारनामा करून घ्या, त्यात कॉपीराइटची पूर्ण मुदत, सगळं जग, किती पैसे दिले, सगळं लिहा, आणि त्याच्याकडची पेन्सिलची कच्ची चित्रं किंवा मूळ फाईल असेल तर ती जपून ठेवायला सांगा, फाईलची २०१८ ची तारीख लाखमोलाची आहे. ही घाई का करायला सांगतेय ते पण ऐका. उद्या कंपनी उलटा आरोप करू शकते की तुम्हीच त्यांचं चित्र चोरलं. आणि कॉपीराइटच्या उल्लंघनाचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये म्हटलंय. तुमच्या हातात चित्रकाराचा कागद असेल तर तो आरोप उभाच राहत नाही, उलट दावा करायची पाळी तुमची.

नोटिशीतल्या पोलिस केसच्या धमकीबद्दल, नुसतं नाव वापरल्याचा मुद्दा असेल तर घाबरायचं कारण नाही. ट्रेडमार्कच्या प्रकरणात माल जप्त करायला डीवायएसपी किंवा त्याच्या वरचा अधिकारी लागतो आणि त्यालाही आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं, ते त्याच्यावर बंधनकारक असतं. शिवाय विनाकारण धमक्या देणाऱ्यावर कलम १४२ खाली तुम्हालाही कोर्टात जाता येतं, त्यांनी खरंच दावा लावला तर मात्र हा मार्ग बंद होतो.

ऑनलाइन साइटला लगेच मेल करा आणि विचारा, तक्रार ट्रेडमार्कची आहे की कॉपीराइटची, आणि तक्रारीची प्रत मागा. कॉपीराइटची असेल तर तक्रारदाराने २१ दिवसांत कोर्टाचा हुकूम आणला नाही तर साइट माल परत लावू शकते, नियमांत तसं आहे. ट्रेडमार्कची असेल तर तसा ठरलेला आकडा नाही, साइटच्या धोरणावर चालतं, तिथे तुमचे २०१३-१७ चे कागद पाठवूनच भांडावं लागेल.

आता तुमच्या बाजूने करायच्या गोष्टी, कारण कलम ३४ ही ढाल आहे, तिच्या जोरावर तुम्ही आहात तिथे उभ्या राहू शकता पण धंदा वाढवायचा तर स्वतःची नोंदणी हवीच. अर्ज ऑनलाइन होतो, महाराष्ट्र-गोव्याचं ऑफिस मुंबईत अँटॉप हिलला आहे. एकट्या व्यक्तीला एका वर्गाची (म्हणजे मालाच्या एका प्रकाराची) सरकारी फी ऑनलाइन ४,५०० रुपये. मसाला वर्ग ३० मध्ये येतो, लोणची पण करत असाल तर ती वर्ग २९ मध्ये, त्याची फी वेगळी. आणि इथे एक गोष्ट मी हात जोडून सांगते. बरेच एजंट काम लवकर उरकायला फॉर्मवर "वापर पुढे करणार आहे" असं टिकमार्क करून टाकतात, कारण "आधीपासून वापर आहे" लिहिलं की प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. तुमचं सगळं प्रकरण त्या आधीच्या वापरावर उभं आहे, तो रकाना चुकला तर तुम्हीच सरकारी कागदावर लिहून दिल्यासारखं होईल की अजून नाव वापरलंच नाही. फॉर्म जाण्याआधी स्वतः वाचा, समजत नसेल तर वाचून घ्या, पण वापर २०१३ पासून (किंवा सह्या मिळाल्या नाहीत तर २०१७ पासून) लिहिलाय याची खात्री केल्याशिवाय सही नको.

हाच रकाना त्यांच्या अर्जात पण बघायचा. ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर कोणाचंही नाव फुकट शोधता येतं. त्यांनी स्वतःच्या अर्जात "पुढे वापरणार" लिहिलं असेल आणि नोटिशीत २०२० पासून वापरतोय म्हणत असतील तर तुमच्या वकिलाला पहिला मुद्दा मिळाला.

तुमच्या अर्जावर त्यांच्या नोंदणीचा आक्षेप येणारच, तेव्हा सोबतच त्यांची नोंदणी रद्द करायचा अर्ज टाकावा लागेल. त्यांच्या अर्जाची ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये जाहिरात झाली तेव्हा चार महिन्यांत विरोध करता आला असता, ती वेळ गेली, पण रद्द करायचा मार्ग उघडा आहे. पूर्वी त्यासाठी अपील मंडळ होतं, ते २०२१ मध्ये बंद झालं, आता रजिस्ट्रारकडे किंवा हायकोर्टात जायचं. रजिस्ट्रारकडे खर्च बराच कमी, वेळ जास्त. तुम्ही दोन वर्षांपूर्वी पाकीट बघितलंत ते त्रासदायक आहे, कारण माहीत असूनही सलग पाच वर्षं गप्प बसलात तर नंतर तक्रार करायचा हक्क जवळजवळ जातो. दोन वर्षं ठीक आहे. पण आता परत "बघू नंतर" नको.

आणि एक छोटी गोष्ट जी पुष्कळ जण विसरतात, कॅव्हेट. कंपनी कोर्टात गेली आणि तुम्हाला न ऐकताच मनाईहुकूम घेऊन आली असं व्हायला नको म्हणून कोर्टात आधीच अर्ज देऊन ठेवता येतो की आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका. ९० दिवस टिकतो, परत देता येतो. तुमच्या जिल्हा कोर्टात द्या आणि कंपनी जिथे आहे तिथेही, कारण नोंदणी असलेल्याला स्वतःच्या गावी दावा लावायची सवलत कायद्याने दिलेली आहे.

वकिलाच्या फीची धास्ती मिस्टरांना असणार. साताऱ्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, १९८७ च्या कायद्याने महिलेला उत्पन्न किती का असेना मोफत वकील मिळायचा हक्क आहे. तो वकील ट्रेडमार्कचा जाणकार असेलच असं नाही, पण नोटिशीचं उत्तर आणि कॅव्हेट ही कामं नक्की होतात, आणि रद्द करायच्या अर्जासाठी नंतर जाणकार शोधता येईल.

भाच्याला मात्र आवरा. रजिस्टरचं चिन्ह, तो गोलातला आर, नोंदणी झाल्याशिवाय छापणं गुन्हा होता, त्यातली कैद जनविश्वास कायद्याने काढली पण १ ऑगस्ट २०२४ पासून त्याजागी दंड आहे, आणि असलं पाकीट कंपनीच्या हाती लागलं तर तुमच्या प्रामाणिकपणावरच प्रश्न येईल. नुसतं टीएम लिहा, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. आणि आशाताईंचा आवाज तर अजिबात नाही. अरिजित सिंगच्या आवाजाच्या एआय नकलांवर मुंबई हायकोर्टाने जुलै २०२४ मध्ये मनाई केली, २०२५ मध्ये स्वतः आशा भोसले कोर्टात गेल्या आणि त्यांनाही संरक्षण मिळालं. कायदा बाजूला ठेवला तरी, तुमचं नाव दुसऱ्याने उचललं म्हणून तुम्हाला झोप नाही, मग दुसऱ्याचा आवाज आपण कसा उचलायचा. रीलवर सिनेमाची गाणी टाकत असाल तर ती पण काढा, धंद्याच्या जाहिरातीला गाण्याचं लायसन्स लागतं. तुमच्या गावात जात्यावरच्या ओव्या म्हणणारी कोणी म्हातारी असेल तर तिला विचारून, पैसे देऊन, तिच्या आवाजात करा, मला तर ती जाहिरात जास्त आवडेल.

नवीन लेबल एआयवर करायचा विचार असेल तर तोही सध्या थांबवा. अमेरिकेच्या अपील कोर्टाने मार्च २०२५ मध्ये म्हटलंय की माणूस निर्माता नसेल तर कॉपीराइट नाही, आपल्याकडे अजून स्पष्टता आलेली नाही, आणि एआयने काढलेली नथवाली बाई उद्या दुसऱ्याने उचलली तर तुम्ही कशाच्या जोरावर भांडणार. भाच्याच्या त्याच मित्राकडून हाताने काढून घ्या आणि या वेळी करार आधी.

नोटिशीच्या पंधरा दिवसांतले सात तर गेलेच असतील. सोमवारी सकाळी नोटिशीची मूळ प्रत, पाकीट ज्यात ती आली ते (पोस्टाच्या शिक्क्याची तारीख लागते), तुमचं एक मसाल्याचं पाकीट आणि त्यांचं एक दुकानातून बिलासकट विकत घेतलेलं पाकीट घेऊन साताऱ्याला जा. बिल तुमच्या नावावर घ्या.